विमानतळ येईल, विमान जाणार कुठे?

आदिलाबादच्या विमानतळाबद्दल आता गंभीरपणे बोलायची वेळ आली आहे. निजामाच्या काळातली धावपट्टी, पुढे हवाई दलाकडे गेलेली जमीन आणि दर निवडणुकीत नव्याने मिळणारं आश्वासन, एवढंच आजवर आपल्या पदरात होतं. २०२५ साली हवाई दलाने इथे नागरी विमानांना जागा द्यायला होकार दिला आणि गोष्ट पुढे सरकली. चांगलं झालं. त्यासाठी ज्यांनी दिल्लीत आणि हैदराबादेत हेलपाटे घातले, त्यांचे आभार मानायलाच हवेत.

तेव्हापासून गावात एकच प्रश्न ऐकू येतो, विमान कधी येणार? चहाच्या टपरीवर तोच, कोर्टाच्या आवारात तोच, कापसाच्या यार्डातही तोच. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की ते विमान जाणार कुठे आणि त्यात बसणार कोण.

साधा हिशेब करू. हैदराबाद सडकेने सुमारे ३०० किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी आहे, गाडीने पाच-सहा तास लागतात. शमशाबादचा विमानतळ शहराच्या दक्षिण टोकाला आहे आणि आपण येतो उत्तरेकडून. ज्याचं काम सिकंदराबादेत आहे त्याने आधी तासभर लवकर आदिलाबादच्या विमानतळावर जायचं, तासभर उडायचं आणि मग शमशाबादहून अख्खं शहर ओलांडून पुन्हा उत्तरेला यायचं. फार तर दोन तास वाचतील. नागपूर तर सडकेनेच २०० किलोमीटरच्या आसपास, त्यासाठी कोणी विमानाची वाट पाहणार नाही. व्यापारी, वकील आणि अधिकारी यांच्या भरवशावर ७० खुर्च्यांचं विमान रोज भरत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

भरेल ते हैदराबादच्या पुढे जाणाऱ्यांमुळे. २०१६ पर्यंत आपला जिल्हा एकच होता. आज त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार झाले आहेत. यातल्या, विशेषतः निर्मलकडच्या, गावागावांतून माणसं आखातात गेली आहेत. दुबई, मस्कत, कुवेत, सौदी. कोणी बांधकामावर, कोणी ड्रायव्हर, कोणी साफसफाईला. त्यांच्या जोडीला आता अमेरिकेला, ब्रिटनला शिकायला जाणारी मुलं आहेत. हे लोक वर्षभर जातात-येतात. आपल्या विमानतळाचा खरा प्रवासी हा आहे. त्याच्यासाठी विमानतळ बांधला तर तो चालेल. पुढाऱ्यांच्या दौऱ्यांसाठी बांधला तर तिथे गवत उगवेल.

पेनगंगेच्या पल्याड यवतमाळ बघा. धावपट्टी आहे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद यांच्यासोबत यवतमाळचाही विमानतळ खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिला गेला. नियमित प्रवासी विमान तिथे सुरू झालंच नाही. धावपट्टी असणं आणि विमान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे शिकायला यवतमाळहून लांब जायची गरज नाही, पण मी तुम्हाला थोडं लांब नेतो. कारण आपल्याला जे अडणार आहे ते आफ्रिकेतल्या देशांनी आधीच सोसलं आहे.

नैरोबीच्या विमानतळाची धावपट्टी चार किलोमीटरहून लांब आहे. मोठ्यात मोठं विमान तिथे सहज उतरतं. लंडनला, मुंबईला तिथून विमानं होती, पण अमेरिकेला थेट एकही नव्हतं. २००९ च्या जूनमध्ये डेल्टा ही अमेरिकन कंपनी अटलांटाहून डकारमार्गे नैरोबीची सेवा सुरू करणार होती. पहिल्या उड्डाणाच्या तोंडावर अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेने परवानगी नाकारली आणि विमान नैरोबीला गेलंच नाही. मग केनियाने मुकाट्याने काम केलं. विमान सुरक्षेवर देखरेख करणारी यंत्रणा सुधारली, तपासणीची पद्धत बदलली, विमानतळावर येणारे आणि जाणारे प्रवासी वेगळे केले. २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या विमान प्रशासनाने केनियाला वरचा दर्जा दिला. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी केनिया एअरवेजचं ड्रीमलायनर नैरोबीहून थेट न्यूयॉर्कला निघालं. मध्ये नऊ वर्षं गेली. धावपट्टी तीच होती. अडलं होतं ते परवानग्यांत आणि तपासणीच्या टेबलावर.

नायजेरियाचं दुखणं निराळं. तिथे प्रवासी भरपूर, पण परदेशी कंपन्यांनी विकलेल्या तिकिटांचे पैसे डॉलरमध्ये बाहेर नेता येईनात. देशात डॉलरच नव्हते. एमिरेट्सने २०२२ मध्ये तिथली सेवा थांबवली आणि ती पुन्हा सुरू व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. इथिओपियाची विमान कंपनी आफ्रिकेत सगळ्यात मोठी, पण अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच. विरळ हवेत भरलेली टाकी आणि भरलेलं विमान एकदम उचलत नाही, म्हणून अमेरिकेकडे जाताना वाटेत इंधनासाठी उतरावं लागतं. तीन देशांत तीन वेगवेगळ्या गोष्टी आडव्या आल्या, आणि धावपट्टीची लांबी त्यांतली एकही नाही.

आपलं हैदराबादही याला अपवाद नाही. शमशाबादचा विमानतळ २००८ च्या मार्चमध्ये सुरू झाला. त्याची मोठी धावपट्टी ४,२६० मीटर लांब आहे. तेलंगणातून अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा ओघ सगळ्या देशाला ठाऊक आहे. तरी अमेरिकेचं पहिलं थेट विमान, एअर इंडियाचं शिकागोचं, सुरू व्हायला १५ जानेवारी २०२१ उजाडला, आणि तेही फार टिकलं नाही. एवढ्या लांब पल्ल्याची विमानं कंपनीकडे मोजकी होती. दुबईची गोष्ट आणखी वेगळी. भारत आणि दुबई यांच्यातल्या करारात दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६६ हजार खुर्च्यांची मर्यादा आहे, आणि ती केव्हाच भरली. आपला माणूस सणासुदीला दुबईचं तिकीट काढायला जातो तेव्हा भाव का चढलेला असतो, त्याच्या कारणांपैकी हे एक. ही गाठ आदिलाबादच्या कलेक्टर कचेरीत सुटणार नाही, दिल्लीत सुटेल. पण आपल्या खासदाराने दिल्लीत तोंड उघडायचं ते अशाच गोष्टींसाठी.

उलटं उदाहरणही आहे. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाला अपुरी. तरी २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे ते फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू केली. विमान छोटं घेतलं, खुर्च्या मोजक्या ठेवल्या, त्या महाग विकल्या. कारण पुणे परिसरातल्या जर्मन कारखान्यांची माणसं दर आठवड्याला जाणार-येणार, हे कंपनीने आधी मोजलं होतं. सेवा पुढे बंद झाली, पण अनेक वर्षं चालली. आधी प्रवासी मोजले आणि मग त्यांना पुरेल असं विमान शोधलं. आदिलाबादेत हे मोजण्याचं काम कोणी केलंय? आखातात आपल्या चार जिल्ह्यांतली किती माणसं आहेत, ती कोणत्या महिन्यात येतात, कोणत्या शहरातून येतात, याची गावनिहाय यादी करायला विमानतळाची वाट बघावी लागत नाही. पंचायतीच्या सेक्रेटरीने मनावर घेतलं तर ती महिनाभरात होईल.

आता आपल्या वाटेतल्या खऱ्या अडचणींकडे येतो. पहिली अडचण हवाई दलाची. जमीन त्यांची, आकाश त्यांचं, वेळही त्यांचीच राहणार. यात वाईट काही नाही, देशाचं काम आधी. पण गोव्याच्या दाबोळीला काय झालं ते माहीत असावं. तिथे नौदलाच्या सरावासाठी सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नागरी विमानांना बंद. पर्यटनावर जगणाऱ्या राज्याने हे वर्षानुवर्षं सोसलं आणि शेवटी मोपाला दुसरा विमानतळ बांधला. तिथून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणं सुरू झाली. दुसरा विमानतळ बांधण्याची ऐपत आपल्याकडे नाही. म्हणून कोणते तास नागरी विमानांचे, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवं.

बीदर तर आपल्यासारखंच अनेक भाषा बोलणारं गाव. तिथेही हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. नागरी टर्मिनल बांधून तयार होतं, तरी वर्षानुवर्षं कुलूप. कारण हैदराबादच्या विमानतळाच्या करारात कलम आहे, १५० किलोमीटरच्या आत २५ वर्षं दुसरा विमानतळ नको. बीदर त्या आत पडलं. विमान सुरू झालं ते ७ फेब्रुवारी २०२० रोजी, मग बंद पडलं, पुन्हा सुरू, पुन्हा बंद, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू. वरंगळच्या मामनूरलाही याच कलमाने रखडवलं. आदिलाबाद या कुंपणाच्या बाहेर आहे. ही आपली जमेची बाजू, ती वाया घालवू नका.

दुसरी अडचण वेळेची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. हैदराबादहून आखाताकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्री आणि पहाटे सुटतात, येणारीही अवेळी उतरतात. आपल्या धावपट्टीवर रात्री उतरण्याची सोय नसेल तर आपलं विमान दिवसा येणार आणि दिवसा जाणार. मस्कतहून पहाटे तीनला उतरलेला माणूस शमशाबादच्या बाकावर दुपारपर्यंत बसेल का? नाही बसणार. तो बाहेर येईल, सामाईक गाडी करेल आणि दुपारी घरी जेवायला हजर असेल. रात्रीचे दिवे, उतरण्याची उपकरणं, त्यांना लागणारी माणसं हे नंतर बघू म्हणून सोडायचं काम नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. तापलेल्या विरळ हवेत भर दुपारी छोट्या विमानाला वजन कमी करावं लागतं, म्हणजे खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. अदिस अबाबाला जे उंची करते ते आपल्याला ऊन करणार. हिवाळ्यात तर तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी याच जिल्ह्यात, सकाळी धुकं. उपकरणं नसतील तर सकाळची फेरी रद्द. दुपार उन्हाने गेली, सकाळ धुक्याने गेली, रात्र दिव्यांवाचून गेली, तर उरलं काय?

तिसरी अडचण सामानाची. यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी थोडं जास्त बोलतो. आखातातून येणारा आपला माणूस शमशाबादच्या दारातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या ढकलगाडीवर काय असतं ते बघा. नायलॉनच्या दोरीने आडवं-उभं आवळलेलं मोठं खोकं, त्याच्या चारी बाजूंना मार्करने लिहिलेलं नाव, गाव, मंडल आणि फोन नंबर. आत खजूर, साबण, पोरांचे बूट, बायकोसाठी ब्लँकेट, दुधाची पावडर. दोन वर्षांची मजुरी त्या खोक्यात बांधलेली असते. आखाताच्या तिकिटावर साधारण ३० किलो चालतं. देशातल्या छोट्या विमानाच्या वेगळ्या तिकिटावर १५. उरलेल्या वजनाचे पैसे किलोमागे भरायचे म्हटले तर आदिलाबादचं तिकीट दुबईच्या तिकिटाच्या बरोबरीला जाईल. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर आखाताचं वजन पुढेही धरलं जातं. म्हणजे आपल्याला नुसतं विमान नको, आखातात जाणाऱ्या कंपनीशी जोडलेलं एक तिकीट हवं. मस्कत ते आदिलाबाद, एक तिकीट, एक वजन. हैदराबादला कस्टम्ससाठी खोकं काढून पुन्हा द्यावं लागेल, ते चालेल, पण पैसे पुन्हा नकोत. विमान कंपनीशी बोलणी करताना ही मागणी कोणाच्या कागदावर आहे का?

आणि ज्यांचं कोणी परत येतं ते शवपेटीतून, त्यांचं काय? आखातात मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला पाच लाखांची मदत देण्याचा निर्णय तेलंगण सरकारने २०२४ मध्ये घेतला, योग्यच केलं. पण शमशाबादच्या कार्गोतून गावापर्यंतचे ३०० किलोमीटर त्या घरच्या माणसांना अजून रुग्णवाहिकेतच काढावे लागतात. विमानतळाच्या आराखड्यात या कामासाठी एक खिडकी, एक खोली आणि एक जबाबदार माणूस असायला हवा.

चौथी अडचण तीन वर्षांनंतरची. उडान योजनेत केंद्र आणि राज्य मिळून विमान कंपनीचा तोटा भरून देतात, राज्य इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणतं, पण तोट्याची भरपाई तीनच वर्षं. सिंधुदुर्गाच्या चिपीला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईचं विमान सुरू झालं. तीन वर्षं भरली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ते बंद झालं. नांदेडला २७ एप्रिल २०१७ रोजी खुद्द पंतप्रधानांनी हैदराबादच्या विमानाला झेंडा दाखवला. ते चालवणारी ट्रूजेट कंपनी पुढे २०२२ मध्ये बंद पडली. चौथ्या वर्षी आपल्या विमानाला कोण उचलून धरणार, हे पहिल्या वर्षी ठरलं नाही तर आपलीही तीच गत होईल.

सोलापूरचं एक सांगून ठेवतो. तिथे विमानसेवेच्या आड साखर कारखान्याची उंच चिमणी येते, असं सांगितलं गेलं. त्यावरून गावात उभी फूट पडली. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली. लोकांना वाटलं, आता उद्या विमान. त्यानंतरचं पहिलं नियमित विमान गोव्याला निघालं ते ९ जून २०२५ रोजी. चिमणी पडल्यावर दोन वर्षं परवाने, दुरुस्ती आणि कंपनी शोधण्यात गेली. आपल्याकडे चिमणी नाही, पण जमीन आहे. धावपट्टी लांबवायला शेतकऱ्यांची आणखी जमीन लागणार. काळी, कपाशीची जमीन. तिचा मोबदला आधी, घरटी एकाला नोकरी आधी, आणि मग बुलडोझर. २०१३ चा भूसंपादन कायदा शेतकऱ्याच्या बाजूने बरंच काही म्हणतो, ते त्याला मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत समजावून सांगा. ज्याची जमीन गेली त्याच्या पोराला निदान त्या विमानतळावर सामान उचलायचं काम तरी मिळालं पाहिजे, आणि तेही कंत्राटदाराच्या मर्जीवर नव्हे.

एक गोष्ट विसरू नका. विमानतळाच्या नादात आपली जुनी मागणी मागे पडता कामा नये. आजही आदिलाबादहून आपल्याच राजधानीला जाणारी कृष्णा एक्सप्रेस किनवट, मुदखेड अशी महाराष्ट्रातून वळसा घेऊन निजामाबादला पोचते. आदिलाबाद-निर्मल-आर्मूर रेल्वे झाली तर आखातवाल्याला, विद्यार्थ्याला, दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्या म्हाताऱ्याला, सगळ्यांनाच फायदा आहे. विमान हवं आणि रेल्वेही हवी. दोन्हींत निवड करायला लावणाऱ्याचं ऐकू नका.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, जमीन मोजायला येणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, खासदार-आमदारांच्या सभेत चार प्रश्न कागदावर लिहून द्या. हवाई दलाकडून नागरी विमानांना कोणते तास मिळणार? रात्री उतरण्याची सोय पहिल्या दिवसापासून आहे का? आखाताच्या तिकिटाला जोडलेलं तिकीट आणि ३० किलो सामान मिळणार का? चौथ्या वर्षी तोटा कोण भरणार? पोच घ्या, तारीख टाका, आणि उत्तर लेखीच मागा.